स्ट्रिंगची लांबी, स्ट्रिंगची क्षमता आणि मराठीचे तीन बाइट

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. प्रोग्रॅममधल्या मजकुराला, म्हणजे स्ट्रिंगला, मेमरीत किती जागा द्यायची, ती कधी द्यायची आणि कधी परत घ्यायची, एवढंच आपण पाहणार आहोत. उदाहरणासाठी रस्ट ही भाषा घेऊ. ज्यांना रस्ट येत नाही त्यांनीही उठून जायचं कारण नाही. जावा, पायथन, सी प्लस प्लस, सगळीकडे हाच व्यवहार चालतो. फरक इतकाच, की रस्टमध्ये तो उघड्यावर चालतो आणि बाकी काही ठिकाणी पडद्यामागे.

रस्टमधली स्ट्रिंग ६४-बिट संगणकावर स्वतः फक्त २४ बाइटची असते. त्यात तीन आकडे असतात, प्रत्येकी ८ बाइटचे. पहिला पत्ता: खरा मजकूर हीपवर कुठे ठेवलाय. दुसरी लांबी: त्यातले किती बाइट आत्ता भरलेले आहेत. तिसरी क्षमता, जिला सगळे कपॅसिटीच म्हणतात: हीपवर एकूण किती बाइट आपल्या नावावर आहेत. लांबी नेहमी क्षमतेइतकी किंवा तिच्याहून कमी असते. मधलं जे अंतर उरतं ते रिकामं, पण भाडं भरलेलं.

भाड्याचा शब्द आला आहे तर बिऱ्हाडाचंच उदाहरण घेऊ. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबात माणसं वाढली. शेजारची खोली रिकामी असेल तर मालक मधली भिंत पाडून देतो, काम सोपं होतं. ती भरलेली असेल तर मोठी जागा शोधायची, सगळं सामान उचलून तिथे न्यायचं आणि जुनी जागा सोडायची. स्ट्रिंगचंही असंच. क्षमता संपली आणि अजून एक अक्षर जोडायचं असलं, की अॅलोकेटरकडे मोठी जागा मागावी लागते. जागेवरच वाढवून मिळाली तर ठीक, नाहीतर सगळे बाइट नव्या जागी कॉपी होतात आणि जुनी जागा परत जाते.

आता प्रश्न असा, की प्रत्येक वेळी किती मोठी जागा घ्यायची? काटकसरी माणूस म्हणेल, लागेल तेवढीच. एक बाइट वाढला, एक बाइट मागा. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि हिशोबात महाग पडतं. एक लाख बाइटचा मजकूर आपण एकेक बाइट जोडून तयार केला आणि दर वेळी बिऱ्हाड हलवलं, तर कॉपी होणारे बाइट होतात १ अधिक २ अधिक ३ असे करत सुमारे ५०० कोटी. याउलट क्षमता संपली की सरळ दुप्पट घ्यायची, असं ठरवलं तर? ८ पासून सुरुवात करून १६, ३२, ६४ असे जात आपण १,३१,०७२ वर पोचतो. चौदा वेळा बिऱ्हाड हलतं आणि कॉपी होतात एकूण १,३१,०६४ बाइट. ५०० कोटी कुठे आणि सव्वा लाख कुठे!

म्हणून जवळजवळ सगळ्या भाषा पटीने वाढतात, बेरजेने नाही. रस्टची आजची अंमलबजावणी दुप्पट करते आणि रिकाम्या स्ट्रिंगला एकेक अक्षर जोडायला लागलात तर पहिली जागा ८ बाइटची घेते. हे आकडे भाषेच्या करारात लिहिलेले नाहीत, उद्या बदलू शकतात. सरासरी खर्च थोडा राहील, एवढंच वचन आहे. जावामधला स्ट्रिंगबिल्डर १६ वर सुरू होतो आणि दुप्पट अधिक दोन अशी वाढ घेतो. मायक्रोसॉफ्टच्या सी प्लस प्लस लायब्ररीत वाढ दीडपट आहे, जीसीसीच्या लायब्ररीत दुप्पट. दीडपटवाल्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. दुप्पट करत गेलं तर सोडलेल्या जुन्या जागांची बेरीज नव्या जागेपेक्षा नेहमी थोडी कमीच पडते, म्हणजे त्या सलग असल्या तरी स्ट्रिंगला परत कधी वापरता येत नाहीत. दीडपटीत काही पावलांनंतर त्या पुरू शकतात. कोण बरोबर, हे अॅलोकेटरवर अवलंबून आहे. हा वाद बरीच वर्षं चालू आहे आणि आपण तो आज मिटवणार नाही.

आता मराठीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

रस्टमधली स्ट्रिंग यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेली असते. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडमध्ये पहिल्या २,०४८ जागांपर्यंत दोन बाइट पुरतात. ग्रीक, रशियन, अरबी त्यात बसतात, उर्दूही बसते. देवनागरीचा गट २,३०४ व्या क्रमांकापासून सुरू होतो. म्हणजे सीमारेषा ओलांडून २५६ पावलं पुढे. तेवढ्यासाठी आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. इथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना एक चिन्ह, मात्रा एक चिन्ह, अनुस्वार एक, आणि जोडाक्षर करणारा हलन्तही एक.

‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. लहान मूल बोटांवर मोजेल: म, हा, रा, ष्ट्र. चार अक्षरं. युनिकोडच्या हिशोबात मात्र म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी दहा चिन्हं होतात. आणि रस्टला लांबी विचारली की उत्तर येतं ३०. चार, दहा, तीस, तिन्ही बरोबर आहेत. क्षमता मात्र फक्त तिसऱ्या भाषेत बोलते, बाइटच्या.

म्हणजे काय होतं? समजा आपण ठरवलं, नाव वीस अक्षरांच्या आत असतं, म्हणून ‘विथ कपॅसिटी’ हे फंक्शन वापरून २० क्षमतेची स्ट्रिंग तयार केली. इंग्रजी नावासाठी ते पुरेल. मराठी नावात सहा चिन्हं बसतील, सातव्याला जागा वाढवावी लागेल. ‘नमस्कार’ सुद्धा मावत नाही: सात चिन्हं, २१ बाइट. प्रोग्रॅम चुकत नाही, हे लक्षात घ्या. रस्ट मुकाट्याने मोठी जागा घेतो. पण जी मेहनत वाचवायला आपण आधी जागा मागितली, तीच पुन्हा करावी लागते. अंदाज बांधायचा तर चिन्हं गुणिले तीन.

[श्रोत्यांतून प्रश्न: पण हे दोन-चार बाइटचं प्रकरण आहे. आजकाल मेमरी स्वस्त आहे, एवढी काळजी कशाला?]

एका स्ट्रिंगसाठी काळजी करूच नका. पण स्ट्रिंग कधी एकटी येत नाही. मतदारयादी, सातबाराचे उतारे, ग्रंथालयाची सूची, अशा ठिकाणी दहा-वीस लाख स्ट्रिंगा एकदम मेमरीत असतात. तिथे दर स्ट्रिंगमागे ३० बाइट फुकट गेले तर वीस लाखांमागे सहा कोटी बाइट गेले. आणि दुसरी गोष्ट, खर्च फक्त जागेचा नाही. प्रत्येक वेळी हीपकडे जाणं हाच वेळखाऊ भाग असतो.

हीपकडे जाणं टाळायला सी प्लस प्लसवाल्यांनी एक युक्ती केली आहे. छोटा मजकूर असेल तर हीपवर जायचंच नाही, स्ट्रिंगच्या स्वतःच्या पोटातच तो ठेवायचा. जीसीसीच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत असा १५ बाइटपर्यंतचा मजकूर मावतो, क्लँगबरोबर येणाऱ्या लायब्ररीत २२ पर्यंत. आता आपल्या गावांची नावं घालून बघा. ‘पुणे’ चार चिन्हं, १२ बाइट, मावलं. ‘मुंबई’ पाच चिन्हं, १५ बाइट, अगदी काठोकाठ मावलं. ‘नागपूर’ सहा चिन्हं, १८ बाइट: १५ वाल्या लायब्ररीत ते हीपवर गेलं. ‘कोल्हापूर’ नऊ चिन्हं, २७ बाइट: ते दोन्हीकडे हीपवर. हेच कोल्हापूर इंग्रजीत लिहिलं तर आठ बाइट, आणि कुठेही आरामात मावतं. म्हणजे इंग्रजी नावांची यादी घेऊन प्रोग्रॅमचा वेग मोजला आणि तोच मराठी यादीवर चालवला, तर दोन वेगळे प्रोग्रॅम चालवल्यासारखं वाटू शकतं. मोजमाप करायचं तर ज्या मजकुरावर चालवायचंय त्याच मजकुरावर करा.

[प्रश्न: मग रस्टमध्ये ही पोटातली जागा का नाही?]

मुद्दाम ठेवलेली नाही. रस्टची स्ट्रिंग आतून बाइटचा व्हेक्टर असते आणि व्हेक्टर ही युक्ती कधीच करणार नाही, असं त्याच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. कारण असं, की पोटात आहे का हीपवर आहे, हे प्रत्येक वेळी तपासावं लागलं असतं आणि आतल्या पत्त्यावर विसंबून लिहिलेला कोड अवघड झाला असता. ज्यांना हवी त्यांच्यासाठी वेगळ्या लायब्रऱ्या आहेत. हा निर्णय पटण्यासारखा आहे: साधी गोष्ट साधी ठेवली आणि हुशारी ज्याला हवी त्याच्याकडे सोपवली.

जावा आणि पायथनमध्ये मराठीचा हिशोब वेगळा पडतो. जावाच्या नवव्या आवृत्तीपासून स्ट्रिंगमध्ये सगळी अक्षरं पश्चिम युरोपीय गटातली असतील तर प्रत्येकी एक बाइट, पण एक जरी देवनागरी चिन्ह आलं की सगळ्या स्ट्रिंगला प्रत्येकी दोन. हजार इंग्रजी अक्षरांच्या मजकुरात एक ‘अ’ घातला की जागा दुप्पट! पायथनमध्ये ३.३ पासून असंच आहे, तिथे आणखी एक पायरी आहे. मराठी मजकुरात एखादा हसरा इमोजी टाकला की सगळी चिन्हं चार-चार बाइटची होतात. म्हणजे निव्वळ मराठी मजकूर इथे रस्टपेक्षा कमी जागेत मावतो, पण भेसळ झाली की हिशोब फिरतो.

जागा कमी पडली तर वाढते, हे सुख फक्त वाढणाऱ्या स्ट्रिंगचं. जिथे क्षमता ठरलेली आहे तिथे काय होतं ते बघणं जास्त महत्त्वाचं आहे. मोबाइलचा एसएमएस आपल्याला माहीत आहे: इंग्रजीत १६० अक्षरं, मराठीत ७० चिन्हं. डबा तोच, १४० बाइटचा. डेटाबेसमध्येही तेच. ओरॅकलमध्ये रकान्याची रुंदी ३० लिहिली, तर बदल न करता ते ३० बाइट धरले जातात. मायएसक्यूएलमध्ये तीच ३० चिन्हं होतात. एकीकडे तपासलेलं दुसरीकडे नेलं की मराठी नावं अडायला लागतात.

आणि जिथे अडत नाहीत, तिथे कापली जातात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. दहा चिन्हं, ३० बाइट. कुणीतरी रकान्याला २० बाइटची मर्यादा घातली आणि कोडमध्ये लिहिलं, विसाव्या बाइटवर कापा. विसावा बाइट सातव्या चिन्हाच्या मध्ये येतो. सी भाषेत तो तसाच कापला जाईल आणि छापताना शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसेल. रस्टमध्ये ‘ट्रंकेट’ फंक्शनला असं सांगितलं तर प्रोग्रॅम तिथेच पॅनिक करून थांबतो. चिन्ह अर्धं तोडू देत नाही. हे कडक वाटतं, पण प्रामाणिक आहे.

आता मर्यादा २४ ठेवू. चिन्ह पूर्ण आहे, रस्ट काही बोलणार नाही. हाती येतं ‘ज्ञानेश्’, पाय मोडलेला श. डोळ्याला चूक दिसते तरी. आणि २१ ठेवली तर? हाती येतं ‘ज्ञानेश’. हे तर चांगलं, नेहमीच्या वापरातलं दुसरंच नाव आहे! यंत्राला चूक दिसत नाही, तपासणाऱ्या कारकुनाला दिसत नाही. ती दिसते तेव्हा ज्ञानेश्वर नावाचा माणूस खिडकीसमोर उभा असतो आणि त्याच्या दोन कागदांवर दोन नावं असतात. बाइटच्या हिशोबातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर आम्ही ही निवडू.

कापायचंच असेल तर पूर्ण अक्षराच्या सीमेवर कापावं. त्यासाठी युनिकोडचे नियम आहेत आणि ते पाळणाऱ्या लायब्रऱ्याही आहेत. मात्र देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत १५.१ या आवृत्तीत आला, २०२३ साली. त्याआधीचे नियम पाळणारी लायब्ररी ‘ष्ट्र’ चे तीन तुकडे मोजते. आपली लायब्ररी कोणत्या आवृत्तीची आहे ते बघून घ्या. आणि नावाच्या बाबतीत तर कापूच नका, रकाना मोठा करा.

परत क्षमतेकडे. रस्टमध्ये जागा आधी मागायला दोन फंक्शनं आहेत आणि त्यांच्या नावांवरून घोटाळा होतो. ‘रिझर्व्ह’ ला दिलेला आकडा एकूण क्षमतेचा नसतो, सध्याच्या लांबीवर आणखी किती हवं ते असतं. सी प्लस प्लसमध्ये त्याच नावाचं फंक्शन एकूण क्षमता मागतं. एका भाषेतून दुसरीत जाणारे इथे हमखास अडखळतात. दुसरं फंक्शन ‘रिझर्व्ह एग्झॅक्ट’, म्हणजे नेमकी तेवढीच जागा. हे काटकसरी माणसाचं आवडतं फंक्शन. पण लूपमध्ये प्रत्येक फेरीला ते वापरलं, की आपण मघाशी पाहिलेला ५०० कोटींचा हिशोब परत येतो, कारण दुप्पट वाढीची सोय आपणच बंद केलेली असते. शेवटचा आकार नक्की माहीत असेल तेव्हा एकदाच वापरायचं ते फंक्शन आहे. पुष्कळदा तर काहीच करावं लागत नाही. तुकड्यांची यादी जोडणारं ‘जॉइन’ आधी सगळ्या लांब्यांची बेरीज करतं आणि एकदाच जागा घेतं.

आणखी एक इशारा. क्षमतेचा आकडा बाहेरून आलेला असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. नेटवर्कवरून निरोप आला, ‘पुढे चार अब्ज बाइट येत आहेत’, आणि आपण लगेच तेवढी जागा मागितली, तर चार बाइटच्या निरोपाने कुणीही आपला सर्व्हर आडवा करू शकतो. वरची मर्यादा घाला. ‘ट्राय रिझर्व्ह’ वापरलं तर अॅलोकेटरने जागा नाकारल्यावर प्रोग्रॅम कोसळत नाही, चूक परत मिळते आणि आपण ती हाताळू शकतो.

बिऱ्हाड हललं की जुना पत्ता खोटा होतो, हेही या विषयातच येतं. सी प्लस प्लसमध्ये स्ट्रिंगच्या आतल्या एखाद्या शब्दाचा पत्ता जपून ठेवला आणि नंतर स्ट्रिंगला मजकूर जोडला, तर तो पत्ता सोडलेल्या जागेकडे बोट दाखवत राहू शकतो. कधी चालतं, कधी कचरा मिळतो. चाचणीत चालतं, कारण तिथे मजकूर छोटा असतो आणि क्षमता संपत नाही. रस्टमध्ये हे कंपाइलच होत नाही. आतल्या तुकड्याची उसनवारी चालू असताना मूळ स्ट्रिंग बदलू देत नाहीत. नवशिक्यांना या चुकीच्या संदेशाचा फार राग येतो. क्षमता म्हणजे काय हे कळलं की तो राग कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

[प्रश्न: जागा परत कधी करायची? स्ट्रिंग रिकामी केली की मेमरी मोकळी होते ना?]

नाही होत. ‘क्लिअर’ लांबी शून्य करतं, क्षमता तशीच राहते. आणि बरेचदा तेच हवं असतं. फाइल ओळीओळीने वाचताना एकच स्ट्रिंग घ्यायची, ओळ वाचायची, काम करायचं, क्लिअर करायचं, पुढची ओळ त्याच जागेत. दहा लाख ओळींसाठी हीपकडे मोजक्याच फेऱ्या होतात. ‘लाइन्स’ वापरलं तर प्रत्येक ओळीला नवी स्ट्रिंग मिळते. ते लिहायला सोपं आहे आणि छोट्या फाइलला तेच वापरा.

पण त्या दहा लाख ओळींत एखादी ओळ ५० मेगाबाइटची निघाली, तर त्यानंतर ती स्ट्रिंग निदान ५० मेगाबाइटची जागा धरून बसते, पुढच्या सगळ्या ओळी शंभर बाइटच्या असल्या तरी. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरमध्ये मेमरी गळतेय असं वाटतं त्यातल्या काही वेळा गळत नसते, अशी अडवून ठेवलेली असते. त्यासाठी ‘श्रिंक टू’ आहे: क्षमता इतक्यावर आण, पण याखाली नेऊ नको. दर फेरीला ते वापरू नका, नाहीतर आणणं आणि सोडणं यातच वेळ जाईल. क्लिअर केल्यावर क्षमता एखाद्या ठरावीक आकड्यापलीकडे गेली आहे का, एवढं पाहायचं आणि गेली असेल तरच खाली आणायची. आणि जी स्ट्रिंग आता कधीच वाढणार नाही, उदाहरणार्थ यादीत कायमचं बसलेलं नाव, तिला ‘इंटू बॉक्स्ड एसटीआर’ ने गोठवता येतं. जादा जागा परत जाते आणि क्षमतेचा आकडाही लागत नाही, म्हणून २४ च्या जागी १६ बाइट. वीस लाख नावांवर या एका आकड्याचेच एक कोटी साठ लाख बाइट वाचतात.